मदत हवी आहे: ग्रास कटरसाठी कॅनमध्ये आणि दुचाकीत पेट्रोल भरताना आगीची काळजी

बागवाला_कोकण

आंबा-काजूच्या बागेत बेणणीसाठी चार ग्रास कटर आहेत, चारही टू-स्ट्रोक. हंगामात दिवसाला आठ-दहा लिटर पेट्रोल लागतं. ते कधी पिकअपमधून कॅनने येतं, कधी गडी दुचाकीची टाकी भरून आणतात आणि बागेत नळीने काढतात. प्रश्न असे आहेत:

१. कॅन कुठला चालतो? पंपावर कधी देतात, कधी सरळ नाही म्हणतात.
२. पिकअपच्या हौद्यात रबरी मॅट आहे. कॅन तिथेच ठेवून नोझल लावतात. चालेल का?
३. दुचाकीवर बसूनच पेट्रोल भरायची सवय आहे, तेही तोंडापर्यंत. शिवाय उन्हाळ्यात टाकी फुल केली तर स्फोट होतो असा मेसेज फिरतोय, तो खरा का?
४. मोबाइल बंद ठेवा म्हणतात आणि क्यूआर कोड मशीनलाच चिकटवलेला असतो!
५. पेटलंच, तर पहिल्या पाच सेकंदांत काय करायचं?

नुसतं ‘काळजी घ्या’ नको. कारण सांगा, म्हणजे गड्यांना पटवता येईल.

नोझलवाला

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळ्यात वाईट तेच आहे. हौद्यात कॅन ठेवून भरणं आजपासून बंद.

पेट्रोल नळीतून आणि फिल्टरमधून जोरात वाहतं तेव्हा त्यात स्थिर वीज तयार होते. पेट्रोल विजेचं वाहक म्हणून फार कमकुवत, त्यामुळे तो भार लगेच उतरत नाही, पेट्रोलबरोबर कॅनमध्ये जातो. कॅन जमिनीवर असेल तर भार जमिनीत निघून जातो. खाली रबरी मॅट, प्लॅस्टिकचं अस्तर, गोणपाट किंवा डिकीतलं कार्पेट असेल तर त्याला वाट राहत नाही. पत्र्याचा कॅन मॅटवर ठेवला तर उलट जास्त वाईट, कारण पत्र्यावर साठलेला सगळा भार नोझल जवळ येताच एका ठिणगीत सुटतो. आणि नेमकी कॅनच्या तोंडाशीच वाफ असते. पेट्रोलची वाफ पेटायला साधारण ०.२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. दाराच्या कडीला हात लावल्यावर जो बारीकसा चटका बसतो, त्यातसुद्धा याच्या दुप्पट-तिप्पट असते.

म्हणून कॅन खाली उतरवा आणि काँक्रीटवर ठेवा. झाकण काढायच्या आधी उघड्या हाताने गाडीच्या किंवा मशीनच्या धातूच्या भागाला एकदा हात लावा. नोझलची धातूची नळी कॅनच्या तोंडाच्या कडेला टेकवा आणि भरून होईपर्यंत टेकलेलीच ठेवा. नोझल, होज आणि मशीन मिळून अर्थिंग असतं, ते असं कॅनला मिळतं. नळी जितकी आत जाईल तितकी घाला, वरून धार सोडू नका. उडणाऱ्या थेंबांनी भार वाढतो. खटका अर्धाच दाबा. दहा लिटरच्या कॅनमध्ये साडेनऊ लिटर, त्यापुढे नाही. झाकण घट्ट लावल्यावरच कॅन उचला.

हा पंपावरच्या मुलाला दोन मिनिटं जास्त लावणारा प्रकार आहे, मागे रांग असली की तो कुरकुरेल. कुरकुरू द्या.

कायदेकानू

पहिल्या प्रश्नाबद्दल. पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे, त्यातलं कलम ८ बघा. पेट्रोल हे ‘अ’ वर्गात मोडतं, म्हणजे ज्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते तो) २३ अंशांखाली असतो ते. विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येतं. पण भांडं कशाचं, हेही त्याच कलमात लिहिलंय: काच किंवा चिनी मातीचं असेल तर जास्तीत जास्त १ लिटर, धातूचं असेल तर २५ लिटर, आणि बूच घट्ट बसणारं. प्लॅस्टिक या यादीत नाही. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल देत नाहीत त्यामागे हे आहे, शिवाय परवान्याच्या अटी आणि अधूनमधून निघणारे स्थानिक प्रशासनाचे आदेश असतात. परवाने ‘पेसो’कडून, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडून मिळतात, त्यांचं मुख्यालय नागपूरला आहे. पंपचालकाने नकार दिला तर हुज्जत घालू नका, त्याचा परवाना पणाला लागलेला असतो.

तुमच्यासाठी सरळ उपाय: दहा लिटरचे पत्र्याचे दोन जेरीकॅन, स्क्रूचं झाकण आणि आत रबरी वॉशर असलेले. बागेत साठा तीस लिटरच्या वर जाऊ देऊ नका, आणि या हिशेबात ग्रास कटरसाठी ऑइल कालवून ठेवलेलं पेट्रोलही धरा. एसटीने किंवा रेल्वेने न्यायचा विचारही नको.

पिस्टनपंत

दुचाकीचं सांगतो. लोकांना वाटतं तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल सांडलं की पेटतं. बहुतेक वेळा तसं होत नाही. पेट्रोल आपोआप पेटायला अडीचशे अंशांच्या वर तापमान लागतं, आणि उघड्यावर, वारा असताना, पृष्ठभाग त्याहून बराच जास्त तापलेला असावा लागतो. सायलेन्सर करतो काय, तर सांडलेल्या पेट्रोलची झटक्यात वाफ करतो. मग पेटवायचं काम कोण करतं? तडा गेलेली प्लगकॅप, सैल बॅटरी टर्मिनल, स्टार्टरचा रिले. म्हणून पेट्रोल सांडल्यावर लगेच सेल मारणं किंवा किक मारणं हाच खरा घात.

आता तोंडापर्यंत भरण्याचं. पंपाच्या नोझलचं टोक जवळून बघा. आतल्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढं छिद्र दिसेल. पेट्रोल वाहत असताना त्या छिद्रातून हवा ओढली जाते. टाकीतली पातळी चढून छिद्र बुडालं की हवा बंद होते, आतला पडदा खेचला जातो आणि खटका ‘टक्’ करून सुटतो. कारमध्ये हे चोख चालतं, कारण नोझल खोल जातं. मोटारसायकलची टाकी उथळ. मुलगा नोझल हातात धरून टोक जेमतेम आत ठेवतो, छिद्र बुडतच नाही. धार बारीक असली की ओढही कमी पडते. म्हणजे दुचाकीवर आपोआप बंद होण्यावर विसंबू नका, डोळ्यांनीच थांबवायचं.

आणि तोंडापर्यंत भरलं तर? पेट्रोल दर अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं. जमिनीखालच्या टाकीतून २८ अंशांचं पेट्रोल आलं आणि गाडी उन्हात ४५ अंशांना उभी राहिली, तर १२ लिटरच्या टाकीत दोनशे मिलिलिटर वाढतं. ते झाकणाच्या श्वासनळीतून बाहेर येतं, नाहीतर नव्या गाड्यांत टाकीतली वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरून त्याचा सत्यानाश करतं. स्फोटबिफोट काही होत नाही. त्या मेसेजचा खुलासा तेल कंपन्यांनीही केलेला आहे. पण हे दोनशे मिलिलिटर गोठ्याशेजारी किंवा जिन्याखाली टपकले तर वाफ होऊन दोन-अडीच घनमीटर हवा पेटण्याजोगी होते. तोंडाच्या आत जी धातूची पट्टी किंवा नळी दिसते तिच्या खालच्या कडेपर्यंत भरा, वर नाही.

गाडीवरून उतरायचंच. बसून राहिलात तर टाकी दोन मांड्यांच्या मध्ये असते, भडका उडाला तर उतरणार कसे? मागे बसलेलं मूल आधी खाली. किल्ली काढा, नुसत्या किल स्विचने सगळ्या वायरी मरत नाहीत. टाकीवर रेक्झिनचं कव्हर असेल तर तोंडाजवळचं बाजूला करा, ते सांडलेलं पेट्रोल स्पंजासारखं धरून ठेवतं.

सांडलंच तर कोरड्या सुती फडक्याने पुसा, फडकं खिशात किंवा डिकीत कोंबू नका. गाडी ढकलत मशीनपासून सात-आठ मीटर लांब न्या, वास जाईपर्यंत थांबा, मगच चालू करा. जमिनीवर सांडलेल्यावर वाळू टाकतात, पाणी मारत नाहीत. पाण्याबरोबर पेट्रोल गटारात जातं आणि वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असल्याने गटारातून दूरवर सरकते.

नळीने टाकीतून पेट्रोल काढणं मात्र बंद करा. तोंडाने ओढताना फुप्फुसात गेलं तर ती आगीपेक्षा वेगळी आणि तितकीच वाईट भानगड.

शिकागोकर

मोबाइलबद्दल थोडंसं. इथे पेट्रोल स्वतःच भरावं लागतं, म्हणून यावर बरंच काम झालंय. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने स्थिर विजेमुळे लागलेल्या आगींच्या दीडशेहून जास्त नोंदी जमवल्या. मोबाइलने आग लागल्याचं त्यात सिद्ध झालं नाही. वारंवार दिसलं ते वेगळंच: थंडीत माणूस नोझल लावून पुन्हा गाडीत जाऊन बसतो, सीटवर घासून अंगात भार घेतो आणि उतरून थेट नोझलला हात लावतो. भारतात भरणारा दुसरा असतो आणि कोकणात हवा दमट, त्यामुळे तुमच्याकडे हा धोका कमी. विदर्भात हिवाळ्यात किंवा कडक उन्हाळ्यात, हवा कोरडी असताना, तो वाढतो.

नोझलवाला

बरोबर, पण म्हणून मोबाइल हातात ठेवा असं नाही. पंपावर मनाई लिहिलेली असते ती पाळायची. आणि क्यूआर स्कॅन करताना मान खाली गेली की टाकी भरून वाहू लागलेली कळत नाही. नोझल परत अडकवलं, झाकण लावलं, गाडी दोन पावलं पुढे ढकलली, मग पैसे.

लाल_बंब

पाचवा प्रश्न. टाकीच्या तोंडाशी ज्वाळा दिसली की माणूस पहिली चूक करतो ती म्हणजे नोझल खेचून बाहेर काढतो. खटका दाबलेलाच असतो, जळतं पेट्रोल गाडीवर, पायांवर, जमिनीवर शिंपडलं जातं. करायचं असं: खटका सोडा, नोझल आहे तिथेच राहू द्या, मागे सरका आणि ओरडून आणीबाणीचं लाल बटण दाबायला सांगा. तोंडाशी जळणारी वाफ ही मेणबत्तीसारखी असते. प्रवाह थांबला की तिला खाद्य फक्त टाकीतल्या वाफेचं.

मग ड्राय पावडरचा सिलिंडर. पंपावर मशीनजवळ असतो, सहसा ९ किलोचा. पिन काढा, वारा पाठीवर घ्या, दोन-तीन मीटरवरून ज्वाळेच्या बुडाशी झाडू मारल्यासारखी नळी फिरवा. पावडर वीस सेकंदांच्या आसपास संपते, त्यामुळे लांबून उडवून वाया घालवू नका. विझल्यावर पाठ फिरवू नका; तापलेल्या धातूवर वाफ पुन्हा पेटते. पाणी अजिबात नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. पेटलेली दुचाकी ओढत नेण्याचं धाडस नको.

कपड्यांवर पेट्रोल सांडलं पण पेटलं नाही, तर सिंथेटिक शर्ट तसाच ओढून काढू नका, त्यानेही ठिणगी पडते. लांब जाऊन आधी पाण्याने भिजवा, मग काढा. पेटलं तर धावायचं नाही, आडवं पडून लोळायचं. भाजलेल्या जागी वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही. १०१ आणि १०८ हे दोन्ही नंबर गड्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

बागवाला_कोकण

सगळ्यांचे आभार, हौद्यातला प्रकार आजच थांबवला. आणखी दोन गोष्टी. पॉवर टिलरसाठी डिझेल लागतं. पेट्रोलचा कॅन रिकामा असेल तर त्यातच आणलं तर? आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळतात ते) पंपावरच कॅनमध्ये घालावं का?

नोझलवाला

डिझेल त्या कॅनमध्ये मुळीच नको. बंद कॅनमध्ये पेट्रोलची वाफ आपल्याकडच्या उष्णतेत इतकी दाट असते की ती पेटण्याच्या मर्यादेच्या वर जाते. हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के वाफ असेल तरच पेट घेते. त्यात डिझेल ओतलं की डिझेल ती वाफ शोषून घेतं, प्रमाण खाली उतरतं आणि बरोबर पेटण्याच्या पट्ट्यात येतं. त्यात डिझेलच्या धारेचा भार. म्हणजे भरलेल्या कॅनपेक्षा ‘रिकामा’ कॅन घातक. डिझेलचा कॅन वेगळा ठेवा, त्याला रंगाचा पट्टा मारा.

पिस्टनपंत

ऑइल बागेतच घाला. ५० ला १ प्रमाण असेल तर लिटरला २० मिलि, ४० ला १ असेल तर २५ मिलि. मशीनच्या पुस्तकात काय आहे ते बघा. आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, हलवा, मग उरलेलं.

ग्रास कटर भरताना इंजिन बंद करून दहा मिनिटं निवू द्या. मशीन गवतावर नको, उघड्या मातीवर आडवं ठेवा, टाकीचं तोंड वर. भरून झाल्यावर त्याच जागी दोरी ओढू नका, तीन मीटर तरी लांब जाऊन चालू करा. आणि पेट्रोलची नळी आणि प्रायमरचा फुगा (चालू करण्याआधी पेट्रोल ओढायला दाबतो तो) तपासा. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने फुगून मऊ पडतं. टाकीत नळी जिथे शिरते तिथली रबरी चकती ओली दिसली की बदला. ती सायलेन्सरपासून वीतभरच लांब असते, आणि कटर गड्याच्या अंगाला पट्ट्याने बांधलेला असतो.

कायदेकानू

कॅन ठेवायची खोली घरापासून वेगळी हवी, आणि हवेची भोकं भिंतीत खाली, जमिनीलगत हवीत. वर ठेवली तर वाफ जमिनीवरच बसून राहते. चूल, इन्व्हर्टर, पंपाचा स्टार्टर त्या खोलीत नको. सुक्या गवताच्या पेंढ्या असतात तो मांगरही नको.