जग संपल्यावरचं कॉमिक काढायलोय, पण भीतीच वाटंना. काय चुकायलंय?

घागर_नंबर_१७ (लातूर)
राम राम मंडळी. दिवसा फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करतो अन रात्री कॉमिक काढायलोय. गोष्ट अशी की पाऊस बंद होऊन अकरा वर्षं झालीत, सरकार-बिरकार काही राहिलं नाही, मांजरेचं पात्र कोरडं ठाक अन एक बाई दोन लेकरं घेऊन पाण्यापायी निघालीय. (जग 'बुडालं' म्हणता येत नाही, बुडायला पाणीच नाही.) बावीस पानं झाली. दोस्ताला दाखवली तर म्हणला चित्रं भारी हायत पण पेपरातली बातमी वाचल्यासारखं वाटायलंय. पहिल्या चार पानांत मी सगळं सांगून टाकलंय, धरणं कधी आटली, कोण मेलं, कोण पळालं, चौकटीत मजकूरच मजकूर. रंग केशरी, आभाळ केशरी, जमीन केशरी, बाईचं लुगडं पण केशरीकडंच झुकलंय.

अभ्यास म्हणून 'द वॉकिंग डेड' वाचायलोय, मेलेली माणसं उठून चालायला लागतेत ते अमेरिकन कॉमिक. पहिल्या सहा अंकांतली टोनी मूरची चित्रं लई आवडली, पण सातव्यापासून चार्ली अ‍ॅडलार्ड आला अन सगळं काळंच काळं, कोण बोलायलंय तेच कळंना. पुढं वाचू का सोडू? अन माझ्या पानांचं काय करू?

काळी_शाई (संभाजीनगर)
सोडू नको भाऊ. मला पण जमायला दहा-बारा अंक लागले, आता उलट मूरचे अंक जरा गोडच वाटतेत. मूर एकेक दात, एकेक सुरकुती काढतो, त्याचं मढं सुद्धा बघत बसावं वाटतं. पण गोष्ट पुढं मढ्यांची राहतच नाही, जिवंत माणसं एकमेकाला काय करतेत त्याच्यावर येते, अन तिथं अ‍ॅडलार्डचा अर्धा चेहरा अंधारात ठेवायचा धंदा कामी येतो, समोरच्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला पण कळत नाही. शिवाय हिशोब बघ, सातव्यापासून १९३व्या अंकापर्यंत पेन्सिल एकाच माणसाची, महिन्याच्या महिन्याला पानं द्यायची. तू बावीस पानांत दमलास ना?

आता तुझं केशरी. काढून टाक, शाईत कर. काळ्या-पांढऱ्यात रक्त अन सावली सारखीच दिसती, ते त्यांच्या कामाला आलं. तुझ्याकडं त्याहून भारी गोष्ट आहे, पाणी अन सावली सारखी दिसू दे. बाईला लांबून खड्ड्यात काळं काहीतरी दिसावं, वाचणाऱ्याला पण पाणीच वाटावं, अन जवळ गेल्यावर नुसती दगडाची सावली. एक शब्द लिहायची गरज नाही.

गोदाकाठ (नांदेड)
चौकटीतला मजकूर सगळा उडव. १९३ अंक झाले, २००३ ते २०१९, पण मढी कशानं उठली ते लिहिणाऱ्या किर्कमननं शेवटपर्यंत सांगितलं नाही अन कुणाचं काही अडलं नाही. त्यातला हिरो रिक दवाखान्यात शुद्धीवर येतो, त्याला जेवढं माहीत तेवढंच आपल्याला. तू तर आधीच सगळं ओकून टाकलंस, मग आम्ही पान कशाला उलटावं?

अन पान उलटणं ही पण कला आहे बरं. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत माणूस दचकून कुठंतरी बघतो, कशाकडं ते पान उलटल्यावर. पण तू मोबाईलवर टाकणार असशील तर हे चालणार नाही, तिथं पान नसतंय, बोट वर सरकत राहतंय, मग मधी लांबच लांब रिकामी जागा सोडावी लागती.

आणखी एक, जे तुटलं ते तुटलेलंच ठेव. २८व्या अंकात रिकचा हात जातो अन पुढं शेवटपर्यंत तो माणूस एकाच हातानं सगळं करतो, चित्रकाराला किती तरास झाला असंल बघ. तुझी बाई पान ५ वर लंगडायली अन पान ९ वर पळायली, असलं नको.

नुसता_वाचक (परभणी)
अरे स्पॉइलर आधी लिहायचं ना!! मी २५व्या अंकावर आहे.

गोदाकाठ (नांदेड)
२००६ सालचा अंक आहे तो बाबा.

रंगारी (बीड)
मला नाही पटलं. २०२० पासून हेच कॉमिक रंगीत निघालं, डेव्ह मॅकेगनं रंगवलं, चांगलं दिसतंय की. खोट रंगात नाही, केशरीत आहे. आपल्याकडं एप्रिलची दुपार केशरी असती का? पांढरी असती, डोळे बारीक केल्याशिवाय समोरचं दिसत नाही. कागद कोरा सोडलास तरी ऊन होतंय. बाकी गोदाकाठचं बरोबर आहे, मजकूर उडवच.

औसा_रोड
मी कॉमिकवाला नाही, पोरीनं हे वाचायला दिलं म्हणून लिहायलोय. लेकरा, तू लातूरचा असून पाणी संपल्यावर काय होतंय ते मनानं कशाला रचायलास? २०१६ला एप्रिलात मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, ते सगळ्या पेपरात आलं. त्याच्या आधी मार्चमधी पाण्याच्या ठिकाणी गर्दी करू नये म्हणून १४४ कलम लागलं होतं. पण आमच्या गल्लीत काय होतं ते सांगतो. रात्री दोनला टँकरच्या जागी माणसं नसायची, नुसत्या घागरी रांगेत. घागर नसली तर तिथं वीट, नाहीतर फुटकी चप्पल, म्हणजे नंबर धरलेला. अन एक म्हातारी बाजूला बाजेवर बसून राखण करायची. सकाळी कुणीतरी चप्पल दोन हात पुढं सरकवलेली असायची अन त्याच्यावरून भांडण. भीती म्हणशील तर ती चप्पल कुणी सरकवली त्याची होती.

किल्लारीला पण गेलो होतो ९३ला, भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी, भाकरी घेऊन. माळवदं बसलेली, सगळीकडं पांढरी माती अन दगड, अन एक भिंत तेवढी उभी, तिच्या खुंटीला कंदील. बाकी काही सांगत नाही.

घागर_नंबर_१७ (लातूर)
काका, दंडवत. सगळ्यांनाच.

चारी पानं फाडली (म्हणजे फाईल डिलीट केली, पण मनातून फाडली). पहिलं पान नवीन काढलंय. सहा चौकटी, बोलण्याचा एक फुगा नाही. घागर, घागर, वीट, चप्पल, घागर. सहाव्या चौकटीत तेच सगळं, फक्त चप्पल विटेच्या पुढं. बाईचे पाय तेवढे वर दिसतेत. ऊन म्हणून कागद कोरा सोडला, रंगारीभाऊचं ऐकून. सावल्या काळ्या केल्या तर घागरीखालची सावली खरंच सांडलेल्या पाण्यावानी दिसायली, ती ठेवलीय. दोस्ताला दाखवलं तर त्यानं पहिलं विचारलं, चप्पल कुणी सरकवली? मी म्हणलं मला पण माहीत नाही अजून.

काळी_शाई, एवढं सांग, सपाट काळं भरायला तुम्ही ब्रश वापरता का मार्कर? माझा मार्कर दुसऱ्या दिवशी जांभळा पडायलाय.

काळी_शाई (संभाजीनगर)
ब्रश. बाटलीतली वॉटरप्रूफ काळी शाई घे, पातळ करू नको, अन जाड कागदावर दोन हात मार. पहिला वाळू दे पूर्ण. मे महिन्यात पाच मिनिटांत वाळतंय, तेवढाच दुष्काळाचा फायदा.