सोसायटीचा निधी: मतदान घेऊनही बी विंगच्या हाती भोपळा

वैतागलेला_खजिनदार: आमची सोसायटी ६० फ्लॅटची. ए विंगमध्ये ४०, बीमध्ये २०. यंदा कामांसाठी ६ लाख आहेत. 'हवी ती सगळी कामं टिक करा' असा फॉर्म फिरवला. ए विंगच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग (३ लाख) ४० मतं, ए विंगच्या पार्किंगचे कॅमेरे (१ लाख) ४०, ए विंगकडचं गेट (२ लाख) ३६, बी विंगचा पंप (१.६ लाख) २०. वरून मोजत आलं की पंपाआधीच पैसे संपतात. बीवाले मेंटेनन्स थांबवायच्या गोष्टी करताहेत. काय करू?

आकडेमोडे_आजोबा: दोन तृतीयांश घरांनी सगळेच्या सगळे पैसे नेले, मग बीवाले चिडणारच. समान वाट्याची पद्धत वापरून बघा. पीटर्स आणि स्कोव्रोन या संशोधकांनी २०२० मध्ये मांडली. पोलंडमधल्या व्हिएलिच्का आणि स्वित्झर्लंडमधल्या आराऊ शहरांनी २०२३ मध्ये लोकांच्या मतांवर निधी वाटताना हीच वापरली.

दर फ्लॅटच्या नावावर १०,००० लिहा. (कागदावरच! नाहीतर कोणीतरी रोख मागायला येईल.) ज्या कामाला जास्त मतं, ते आधी, पण खर्च फक्त त्याला मत देणाऱ्यांच्या वाट्यातून, सारखा. गच्चीला ४० जणांचे ७,५०० गेले, कॅमेऱ्यांना २,५००. एवाल्यांचा वाटा संपला, गेट बाद. पंपाला बीचे २० जण प्रत्येकी ८,००० देतात. झालं काम. एक्सेलमध्ये बसतं, प्रोग्रामर लागत नाही.

तिसरा_मजला: आणि एखाद्याने कॅमेरे हवे असूनही मुद्दाम टिक केलं नाही तर? वाटा शिल्लक, कॅमेरे फुकट!

आकडेमोडे_आजोबा: हो, ती पळवाट आहेच. पण असा हुशारपणा बऱ्याच जणांनी केला तर कॅमेरेच बाद होतील. निकालाआधी कोणत्या कामाला किती मतं पडली ते फोडू नका, म्हणजे अंदाज बांधणं अवघड जातं.

वैतागलेला_खजिनदार: उरलेल्या ४०,००० चं काय? आणि हे कायद्यात बसतं का?

आकडेमोडे_आजोबा: सगळ्यांचे वाटे थोडे थोडे वाढवून पुन्हा मोजायचं, एकूण खर्च ६ लाखांत राहील तोवरच. तुमच्याकडे मागे फक्त गेट उरलंय, ते बसणार नाही, म्हणून ४०,००० पुढच्या वर्षाला ठेवा. कायद्याने अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा. तिथे एक सभासद एक मत आणि साधं बहुमत, म्हणजे पुन्हा एवाल्यांचंच पारडं जड. तेव्हा फॉर्म फिरवण्याआधीच सभेत या पद्धतीचा ठराव करून घ्या. आपलं काम उडालंय हे कळल्यावर ठरावाला हात कोण वर करणार?

वैतागलेला_खजिनदार: गेटचा आग्रह अध्यक्षांचाच आहे, काका. यंदाचा निकाल तर सगळ्यांना कळलाय. ठराव पुढच्या वर्षासाठी मांडतो.