पीडीएसाठी पॅरासिटामॉल? २८ आठवड्यांच्या बाळाबद्दल विचारायचं आहे

लेकीचा_बाबा:
नमस्कार. आमची मुलगी २८व्या आठवड्यात झाली, वजन ९८० ग्रॅम. काचेच्या पेटीत आहे, सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र) चालू आहे. काल टूडी इको झाला. पीडीए (हृदयाजवळची एक नळी उघडी राहिली आहे, तो) मोठा आहे, शिरेतून पॅरासिटामॉल देऊ, असं डॉक्टर म्हणाले. मी सही केली, पण घरी आल्यापासून काही सुचत नाही. तापाचं औषध हृदयाला कसं? वहिनीच्या ओळखीतल्या बाळाला आयबुप्रोफेन दिलं होतं. आणखी एकाला म्हणे काहीच दिलं नाही, नुसती वाट पाहिली. मग आमच्याच बाळाला वेगळं का? आई तर 'नातीच्या हृदयाला भोक आहे' म्हणून रडतेय.

सिस्टर_कोल्हापूर:
दादा, आधी आईंना सांगा, हे भोक नाही. पोटात असताना प्रत्येक बाळाला ही नळी असते, तुम्हाआम्हालाही होती. तेव्हा फुफ्फुसं श्वास घेत नसतात, म्हणून तिकडे निघालेलं बरंचसं रक्त या नळीतून थेट महाधमनीत जातं. प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलं रसायन ती उघडी ठेवतं. पूर्ण दिवसांच्या बाळाने श्वास घेतला, वार सुटली, की दोन-तीन दिवसांत नळी आवळते. तुमच्या लेकीच्या नळीचा स्नायू अजून तेवढा तयार नाही. आता रक्त उलटं वाहतं. अंगाकडे जायचं ते फुफ्फुसांत शिरतं, त्यामुळे श्वासाचा आधार लवकर काढता येत नाही, आणि आतडी नि किडनी यांच्या वाट्याला कमी येतं.

यासाठी वापरतात त्या तिन्ही औषधांचं काम एकच, प्रोस्टाग्लँडिन बनू न देणं. इंडोमेथॅसिन १९७६ पासून माहीत आहे, आयबुप्रोफेन त्यानंतरचं. पॅरासिटामॉलनेही नळी बंद होते, हे २०११ मध्ये जेरुसलेमच्या डॉक्टरांनी पाच बाळांच्या अनुभवावरून मांडलं. आयबुप्रोफेनने लघवी कमी होऊ शकते, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढू शकतं, रक्तस्रावाचा आणि आतड्याला इजा होण्याचा धोका असतो. प्लेटलेट किंवा लघवी कमी असेल तिथे पॅरासिटामॉलकडे कल जातो. त्यात लिव्हरवर लक्ष ठेवतात. तुमच्या बाळाला हेच का, ते मात्र तिचे रिपोर्ट पाहिलेले डॉक्टरच सांगतील. विचारा, तो तुमचा हक्क आहे.

थांबणं म्हणजे हयगय नव्हे. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळांवर युरोपात झालेल्या अभ्यासात (२०२३) वाट पाहणं आयबुप्रोफेनपेक्षा वाईट ठरलं नाही. ब्रिटनमध्ये ६५३ बाळांवर झालेल्या अभ्यासात (२०२४) आयबुप्रोफेन लवकर देऊनही मृत्यू किंवा फुफ्फुसाचा जुनाट आजार कमी झाला नाही. म्हणून आता सरसकट प्रत्येक पीडीएवर औषध देत नाहीत. नळी किती मोठी, श्वासाला किती त्रास, दूध पचतंय का, हे बघून ठरवतात.

पीडीएसाठी इकोशिवाय सहसा औषध सुरू करत नाहीत, तेही बरोबरच आहे. काही बाळांच्या हृदयात दुसरा दोष असतो आणि ती याच नळीवर जगतात. त्यांना उलट प्रोस्टाग्लँडिन देऊन ती उघडी ठेवावी लागते.

वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगते, घरी तापाचे थेंब देऊन हे करायला जाऊ नका. डोस वजनावर, मॉनिटर लावून चालतो.

जुळ्यांची_आई:
माझ्या जुळ्यांपैकी धाकटीला होता. आयबुप्रोफेनने बंद झाला, मग पुन्हा उघडला. दुसरा कोर्सही पूर्ण लागू पडला नाही. श्वास सुधारला तसं डॉक्टर म्हणाले, आता थांबू. घरी नेताना बारीक उघडाच होता, नंतरच्या इकोत बंद दिसला. त्या काळात मला एकच गोष्ट करता येत होती, दूध काढून नेणं. बाळाच्या आईला सांगा, थेंबभर आलं तरी न्या.

सिस्टर_कोल्हापूर:
ताईंचं शंभर टक्के खरं. एवढ्या लहान बाळाच्या आतड्याला आईचं दूध सगळ्यात चांगलं झेपतं. कमी पडलं तर मिल्क बँकेचं (दुसऱ्या आयांनी दान केलेलं) मिळतंय का ते विचारा. मुंबईत शीवच्या रुग्णालयात १९८९ पासून ती आहे, आता इतरही ठिकाणी आहेत. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर त्याच क्षणी स्टाफला बोलवा.

लेकीचा_बाबा:
आज विचारलं. लघवी कमी होती, म्हणून पॅरासिटामॉल. दूधही अगदी थोडं सुरू आहे. पण बंद झालाच नाही तर?

सिस्टर_कोल्हापूर:
कोर्स संपल्यावर पुन्हा इको करतील. नळी अजून मोठी असेल आणि त्रासही असेल, तर दुसरा कोर्स देतात. तरीही नाही जमलं, तर मांडीच्या शिरेतून छोटं बटण बसवता येतं. अशा एका बटणाला अमेरिकेत २०१९ मध्ये ७०० ग्रॅमपासूनच्या बाळांसाठी परवानगी मिळाली. ते सगळीकडे होत नाही, म्हणून तुमच्या ठिकाणी सोय आहे की दुसरीकडे न्यावं लागेल, हे आजच विचारून ठेवा. ऑपरेशन करून नळी बांधणं हा त्यानंतरचा मार्ग. आणि डिस्चार्जच्या वेळी नळी उघडी असेल, तर पुढच्या इकोची तारीख फाइलवर लिहून घेतल्याशिवाय निघू नका.