साठीनंतर वजन हलेना, अनुभवी बायांनीच सांगा

सेलूची_बाई

नमस्कार मंडळी. वय ६३, उंची पाच फूट एक इंच, वजन ७८ किलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, आता रिटायर आहे. सेलूला घर, घरात आम्ही दोघंच. मुलगा-सून पुण्याला.

गुडघे लई दुखायलेत. परभणीला हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं. एक्सरे बघून म्हणाले, ऑपरेशनची घाई नाही, आधी दहा किलो उतरवा, मग बोलू. आता दहा किलो म्हणजे काय पोत्यातली ज्वारी आहे का, मापानं काढून बाजूला ठेवायला?

खाणं सांगते. सकाळी चहा-टोस्ट. दुपारी एक भाकरी, भाजी, वरण. रात्री अर्धी भाकरी, नाहीतर थोडा चुरमुऱ्यांचा सुशीला. सोमवार, चतुर्थी आणि दोन्ही एकादश्या धरते. एवढं कमी खाऊन काटा हलत नाही, उलट दिवाळीपासून वाढायलंय. थायरॉईडची आणि बीपीची गोळी चालू आहे. साखर नाही.

शेजारीण ओवा-जिऱ्याचं पाणी प्या म्हणते. जाऊबाईंनी दीक्षित सरांचं दोन वेळा जेवायचं धरलं, त्यांचं बरंच उतरलं, पण मला गोळ्या असल्यामुळं धीर होत नाही. मुलगा फोनवर म्हणतो, आई आता इंजेक्शन निघालंय. एका ओळखीच्या बाईनं पावडरचा डबा दाखवला, किंमत ऐकून मी चहा न घेताच उठले.

एक विनंती. पळा, जिम लावा, ग्रीन टी प्या असं तिशीतल्या पोरींनी सांगू नये. खाली बसलं तर उठताना मला पलंगाचा कड धरावा लागतो. साठी ओलांडलेल्या, रोज चूल सांभाळणाऱ्या बायांनी स्वतः काय केलं ते लिहा.


लातूरचा_भाचा

मावशी, मी पोरगी नाही आणि साठीचाही नाही, तरी मध्ये तोंड घालतो. आमची आई रोज कोमट पाण्यात लिंबू-मध घेते. वजन आहे तेवढंच आहे, पण आई खूश आहे. तेवढंच सांगायचं होतं.


निवृत्त_सिस्टर

सेलूच्या बाई, मी अंबाजोगाईची, वय ६७. सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. रिटायर झाले तेव्हा ८१ किलो, आता ७२ च्या आसपास. दीड वर्षाच्या वर गेलं त्यात, आणि मधे एका लग्नसराईत थोडं परतही आलं. तेव्हा हे सावकाश चालणारं काम आहे, घाई असेल तर माझं वाचू नका.

आधी उपासाचं बोलते, राग मानू नका. तुम्ही भाकऱ्या मोजल्यात, साबुदाणा मोजला नाहीत. मध्यम भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागतं, तिच्यात २२० च्या आसपास कॅलरी. साबुदाण्याची खिचडी दाण्याचं कूट आणि तूप घालून ताटलीभर खाल्ली की साडेचारशे सहज होतात. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नावाला. वर केळं, वर चिवडा, संध्याकाळी वेफर्स. सोमवार, चतुर्थी आणि एकादश्या मिळून महिन्यातले सात-आठ दिवस असे जातात. देवाला नाराज करा असं मी कशाला म्हणू? उपास धरा, ताट बदला. वाटीभर भगर, घट्ट दही, काकडी, उकडलेलं रताळं किंवा राजगिऱ्याची भाकरी. तूप चमच्यानं मोजून.

भाकरीबद्दलही एक गैरसमज आपल्याकडं पक्का आहे, की भाकरी खाल्ली म्हणजे वजन वाढत नाही. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच असतात. भाकरीला तेल लागत नाही आणि चोथ्यामुळं पोट लवकर भरतं, फायदा तो. म्हणून एक भाकरी ठीकच आहे, पण तिच्याबरोबर काय जातं ते बघा. आपल्या मराठवाड्यात तर्री वर आल्याशिवाय भाजी झाली असं कुणी मानत नाही. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी, म्हणजे अर्धी भाकरी. तुम्ही एक करा. नवा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरलं तर दोघांना महिन्याला दीड किलो पुरायला पाहिजे. तुमचा डबा किती दिवसांत संपतो ते मला सांगा, बाकी डाएट-बिएट मग बघू.

आता खरी गोष्ट, जी आपल्या वयाच्या बायांना कुणी नीट सांगत नाही. पाळी गेली की चरबी मांड्यांवरून पोटावर येते, हे तर आरशात दिसतंच. पण आतून स्नायू कमी होत जातात आणि ते दिसत नाही. स्नायू कमी झाला की बसल्याजागी शरीराला लागणारी ऊर्जाही कमी होते, म्हणून चाळिशीतलं जेवण साठीत जास्त होतं. अशा वेळी बाई काय करते, आणखी कमी खाते. अर्धी भाकरी, पातळ वरण, झालं. त्यात चरबीबरोबर उरलासुरला स्नायूही जातो. गुडघ्याला धरून ठेवतो मांडीचा स्नायू. तोच गेला तर काट्यावर चार किलो कमी दिसतील आणि जिना चढताना आजच्यापेक्षा जास्त कण्हाल.

म्हणून तुमच्या ताटात मला भाकरीपेक्षा वरणाची काळजी वाटते. तुमच्या उंचीच्या बाईला दिवसाला पन्नास-पंचावन्न ग्रॅम प्रथिनं पाहिजेत. वाटीभर पातळ वरणात चार-पाच ग्रॅम, भाकरीत सहाच्या आसपास, वाटीभर दह्यात पाच. तुम्ही लिहिलंय त्याची बेरीज पंचवीस-तीसच्या पुढं जात नाही. घट्ट वरण खा, मटकी-हुलगे-हरभरा रोज एका वेळेला ठेवा, अंडं चालत असेल तर एकाला सहा ग्रॅम मिळतात. आपण येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, भज्जी करतो ना, हरभऱ्याचे, तुरीचे, वाटाण्याचे दाणे आणि डाळीचं पीठ घालून, ती वर्षातून एकदाच का खायची? तेल आवरून केली तर तेच पूर्ण जेवण आहे. आणि सोयाबीन. सगळ्या जिल्ह्यात सोयाबीन पेरतो, आडतीवर नेऊन घालतो आणि घरात एक दाणा शिजत नाही. तीस ग्रॅम कोरड्या सोयावडीत पंधरा ग्रॅम प्रथिनं येतात. फक्त किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा, बीपीवाल्यांनी ती तपासणी करून घेतलेली बरी.

व्यायाम. खाली बसायचंच नाही. भिंतीला टेकवलेली, न हलणारी खुर्ची घ्या. हात छातीवर बांधून उठायचं, बसायचं. जमत नसेल तर आधी खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, हातांचा आधार घ्या. दहा वेळा जमलं की थोडं थांबून पुन्हा दहा. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती खाली दाबून पाच आकडे मोजायचे. ओट्याला धरून टाचा वर. पाण्याच्या लिटरच्या भरलेल्या बाटल्या दोन हातांत घेऊन वर-खाली. आठवड्यातून तीन दिवस पुरे. चालणं वेगळं, ते रोज, पण गुडघा सुजला असेल त्या दिवशी नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं सकाळी आठलाच चटके बसतात, तेव्हा दिवस उगवायच्या आधी नाहीतर रात्री गच्चीवर. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर उन्हात चालून चक्कर येते, हे मी वॉर्डात पुष्कळ बघितलंय.

थायरॉईडची गोळी चहाबरोबर घेता का? ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा किमान अर्ध्या तासानं. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. दिवाळीपासून वाढलंय म्हणता, तर टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून बघा.

जाऊबाईंचं म्हणाल तर, दीक्षित सर लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवायचे, त्यामुळं आपल्या भागात ते घरोघर पोचलं. पुष्कळ जण बारीक झालेले मी बघितलेत. तुम्हाला साखरेची गोळी नाही, पण बीपीच्या डॉक्टरांना एकदा विचारा. आणि दोनच जेवणं करायची तर ती भरलेली पाहिजेत. आजच्यासारखी दीड भाकरी दोन वेळात विभागलीत तर तुमचा स्नायू आणखी जाईल. इंजेक्शनानं वजन उतरतं हे खरं, पण ते डॉक्टरांनी तपासून द्यायचं औषध आहे, त्यातही स्नायू घटतो आणि बंद केलं की बऱ्याच जणांचं परत येतं. मुलाला सांगा, आधी आईला खुर्ची पाठव. पावडरचं तुम्हीच ठरवून टाकलंत, बरं केलंत.

महिन्याला दीड-दोन किलो म्हणजे भरपूर. दहा किलोचा आकडा डोक्यातून काढा, एक किलो उतरला तरी पावलागणिक गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं हलका होतो. वजन आठवड्यातून एकदाच करा आणि टेपनं पोट मोजा. आपल्याकडच्या बायांना ८० सेंटिमीटरच्या पुढं गेलं की धोका धरतात. काहीच न करता वजन उतरायला लागलं तर मात्र आनंद मानू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि चहा दिवसातून किती वेळा, ते तुम्ही लिहिलं नाहीत.


दोन_सुनांची_सासू

सिस्टरनं सगळं सांगितलं, पण त्या नोकरीवाल्या, त्यांनी कढईचा हिशोब सोडला. मी वसमतची, ६५ वय. आमच्या घरात मी शेवटी जेवते. जेवायच्या आधी नातवाच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्याच्या बुडाचा भात, रात्रीची वाटीभर भाजी एवढं पोटात गेलेलं असतं. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या उरलेल्या पुरणपोळ्या तीन दिवस कोण संपवतं? अन्न टाकवत नाही ना. आपल्या आईनं बहात्तरचा दुष्काळ काढलेला, तिनं आपल्याला ताटात शीत ठेवू दिलं नाही.

मी काय केलं, भाताचं मापच अर्ध्या वाटीनं कमी केलं. ओरड झाली दोन दिवस, मग कुणाला कळलंही नाही. उरलं तर सकाळी गाय येते दारात. आणि यजमानांना सांगितलं, आजपासून उरलेलं तुम्ही संपवायचं. त्यांनी दुसऱ्याच दिवसापासून "एवढं कशाला केलं?" सुरू केलं.

वजन किती उतरलं ते विचारू नका, काटा नाही आमच्याकडं. ब्लाऊज दोनदा उसवून आत घ्यावं लागलं.


गेवराईकर_आजोबा

बायांच्या गप्पांत बोलतोय, माफी असावी. आमच्या मंडळींना शुगरची गोळी आहे, ग्लिमेपिराईड. त्यांनी कुणाचं ऐकून गोळी घेतली आणि एकादशीला निर्जळी धरली. दुपारी घाम, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. साखर-पाणी दिलं म्हणून निभावलं. इथं वाचून कुणी उपास किंवा दोनच वेळा जेवणं सुरू करणार असेल तर गोळीची पट्टी आधी डॉक्टरांना दाखवा.


सेलूची_बाई

सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुम्ही मास्तरणीची वही तपासली म्हणायची. गोळी मी चहाबरोबरच घेत होते, आता घड्याळ लावून घेतेय. तेलाचा डबा बघितला, त्यावर तारीख लिहिलीय, पण पाच लिटरचा डबा दोघांत कधी आणला हे आठवायला फार मागं जावं लागत नाही, एवढंच सांगते. चहाचं उत्तर मी देणार नाही.

खुर्चीवरून उठणं हात न लावता जमेना, उशी ठेवल्यावर जमलं. आमचे हे पेपर वाचता वाचता मोजतात आणि दोन आकडे गाळतात.

वसमतच्या ताई, आम्ही दोघं असलो तरी माझा हात अजून चौघांचाच आहे. पोरं पुण्याला गेली, पातेलं काही बदललं नाही. बोहारणीला जुन्या साड्या देऊन लहान घेते.

आजोबा, बरं झालं लिहिलंत. जाऊबाईंना शुगर आहे, त्यांना आजच फोन करते.

एकच अडचण. सोयावड्या आणल्या, रश्श्यात टाकल्या, तर ह्यांनी स्पंज आहे का म्हणून ताट सरकवलं. मलाही वास आला. कुणाला जमतं का ते?


निवृत्त_सिस्टर

तशा टाकल्या तर वास येणारच. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, ते पाणी फेकून द्या. गार पाण्यातून दोनदा धुऊन हातानं घट्ट पिळा, फेस येतो तो सगळा जाऊ द्या. मग मिक्सरला एकच फेर, भरड राहिली पाहिजे. कढईत चमचाभर तेल, बारीक कांदा भरपूर, लसूण, तो लाल झाला की काळं तिखट आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ), मग ही भरड टाकून चांगली परतायची. शेवटी कोथिंबीर, लिंबू. भाकरीबरोबर कोरडीच खायची. तुम्ही दुपारच्या जेवणात घ्या, सकाळच्या थायरॉईडच्या गोळीच्या जवळपास सोयाबीन नको.

यजमानांना ताट संपल्यावर सांगा काय होतं ते.