नोटीस पिरियड अर्धवट सोडून निघावं का?

रातपाळी: पुण्यातल्या आयटी कंपन्यांत ९० दिवसांची नोटीस सर्रास, आणि नवी कंपनी म्हणते ३० दिवसांत या. माझं मत: उरलेल्या दिवसांचे पैसे भरा आणि निघा. बळजबरीने कामाला बसवायचा हुकूम कोर्ट देत नाही. कंपनीला मागता येते ती भरपाई.

मुळाकाठ: पैसे भरले की सुटलो, हे परस्पर कुणी ठरवलं? नेमणूकपत्रातलं कलम नीट वाचा. 'नोटीस किंवा त्याऐवजी पगार' असेल तर निवड तुमची. 'कंपनीच्या मर्जीने' असेल तर बायआउट, म्हणजे पैसे भरून लवकर सुटणं, मॅनेजरच्या हातात. तो नाही म्हणाला आणि तरी गेलात, तर रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र) अडकतं. वर पुढच्या कंपनीने केलेल्या चौकशीत 'न सांगता निघून गेला' हा शेरा जातो, तो पैशापेक्षा महाग.

हिशेबनीस: आधी आकडा तर बघा. महिन्याचा बेसिक (मूळ पगार) ३०,०००, ग्रॉस (भत्त्यांसह एकूण) ७५,०००, ९० पैकी ३५ दिवस भरले, उरले ५५. वसुली बेसिकवर असेल तर ५५,०००, ग्रॉसवर १,३७,५००. पत्रात नुसतं 'पगार' लिहिलेलं असलं की इथेच वाजतं, म्हणून वसुली कशावर ते राजीनाम्याआधी एचआरकडून मेलवर घ्या. त्यावर कुणी जीएसटी लावला तर ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक क्रमांक १७८ दाखवा. या वसुलीवर तो लागत नाही. आणि नवी कंपनी बायआउट देतेय म्हणून हुरळू नका. ती रक्कम बहुधा पगारातून येते, टीडीएस कापून; वर्षाच्या आत सोडलंत तर परत मागतात.

रातपाळी: शेऱ्याची भीती घालूनच लोकांना डांबतात. सलग ५ वर्षं झाली असतील तर अपुऱ्या नोटिशीसाठी ग्रॅच्युइटी जप्त होत नाही. पीएफची एक्झिट तारीख कंपनीने भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर २ महिन्यांनी यूएएन (पीएफ खात्याचा कायम क्रमांक) पोर्टलवर आधार ओटीपीने स्वतः टाकता येते.

मुळाकाठ: आणि तोवर नव्या एचआरला जुनी नोकरी चालूच दिसणार. दुहेरी नोकरीचा संशय तिथूनच सुरू होतो. भरपाईलाही हलकं घेऊ नका: विजया बँकेच्या खटल्यात मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ३ वर्षांआधी सोडल्यास २ लाख भरण्याची अट वैध ठरवली.

ताकभात: तो बाँड होता हो, नोटीस नव्हे. सरकारी बँकेच्या खुल्या भरतीचा खर्चही त्यात विचारात घेतला होता. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे रक्कम वाजवीच हवी. खरं दुखणं म्हणजे हे ९० दिवस. हँडओव्हर दोन-तीन आठवड्यांत आटोपतो, बाकीचे दिवस माणूस अडवून ठेवायचे. भांडण्यापेक्षा राजीनाम्याच्याच दिवशी यादी पाठवा: कुठले अ‍ॅक्सेस, कुठली तिकिटं (नोंदवलेली कामं) उघडी, कोण घेणार, कधीपर्यंत. सुटायची तारीख महिनाअखेरची मागा. महिन्याच्या मध्येच माणूस गेला की क्लायंटचं बिल अडतं, मग मॅनेजरही अडतो.

मुळाकाठ: मागा, जरूर मागा. पण तोंडी 'बघू, करून देतो' वर जाऊ नका. कंपनीच्या पोर्टलवर शेवटचा दिवस बदललेला दिसेपर्यंत नव्या कंपनीला तारीख कळवायची नाही.