प्राणिशास्त्राच्या जोडीला संख्याशास्त्र हवे
वन्यजीव संवर्धनात काम करायचे असल्यास बारावीनंतर प्राणिशास्त्रच घ्यावे, हे मत मला अपुरे वाटते. उदाहरणार्थ, वाघांच्या गणनेत कॅमेऱ्याने टिपलेले वाघ पट्ट्यांवरून वेगवेगळे ओळखले जातात आणि तेच वाघ पुन्हा किती वेळा टिपले गेले यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधला जातो. हे काम संख्याशास्त्राचे आहे, आणि जीवशास्त्राचे विद्यार्थी पदवीच्या काळात नेमका तोच विषय (उगाचच घाबरून) टाळतात. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला तर वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र किंवा संख्याशास्त्राची पदवीही चालते. पुढील शिक्षणासाठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र येथील वन्यजीवविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे प्रवेशनियम आताच वाचून ठेवावेत.