प्रतिसाद: तो गंज नव्हे

जहाजाच्या पंख्यावरचे (प्रोपेलरवरचे) खड्डे खाऱ्या पाण्याने गंजून पडतात, असं या चर्चेत वर म्हटलंय. पटलं नाही. पंखा ब्राँझचा, त्याला लोखंडासारखा गंज कुठला चढायला! गोव्यात झुआरी नदीकाठी स्लिपवेवर (दुरुस्तीच्या उतारावर) ओढलेल्या बार्जचा, म्हणजे मालवाहू बोटीचा, पंखा मी हात फिरवून पाहिलाय. टोकाजवळ उंदराने कुरतडल्यासारखा, बाकी पातं गुळगुळीत. हे कॅव्हिटेशन. पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की पाणी न तापताच उकळतं. पुढे दाब वाढला की ते बुडबुडे मिटताना धातूचे कण उडवतात. ब्रिटिश अभियंता पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ या वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या बोटीलाही हाच त्रास होता (फक्त तिथे खड्ड्यांपेक्षा वेग मिळेना हे दुखणं). तीन शाफ्टवर (पंखे फिरवणाऱ्या दांड्यांवर) नऊ पंखे बसवले, तेव्हा कुठे १८९७ साली ती ३४ नॉटने (ताशी सुमारे ६३ किमी) पळाली. तेव्हा वेल्डिंगने खड्डे बुजवण्याआधी पात्याचा पिच (तिरकेपणा) तपासून घ्या; तो चुकला असेल तर खड्डे पुन्हा पडतील.